डिकीतला तांदूळ

मिलिंदची गाडी मिलिंदपेक्षा जास्त टिकेल, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. गडद हिरवी, जड दरवाजांची, मागच्या चाकांवर चालणारी जर्मन गाडी. मागच्या चाकांचं वाचणाऱ्यांना काही विशेष वाटणार नाही. आपल्याकडच्या जुन्या टॅक्स्याही तशाच चालायच्या आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही. पण बर्फ पडला की फरक कळतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढून नेतात आणि इंजिनाचं वजनही त्याच चाकांवर असतं. या गाडीला मागची चाकं ढकलतात, आणि तिथे वजन काहीच नसतं. शेवाळलेल्या फरशीवर उभं असताना कुणी मागून ढकलावं, तसं होतं.

२००९ च्या फेब्रुवारीत, निघण्याच्या सकाळी मला यातलं अर्धंच माहीत होतं, आणि तेही वाचून. मी नॉटिंगहॅमला एका ग्रंथालयात काम करते. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक घरात मी एकटीनेच वाचलं होतं.

नॉटिंगहॅम

माझा नवरा मिलिंद ऑक्टोबरच्या शेवटी गेला. ऑफिसात, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी. इथे मृत्यू आणि अंत्यसंस्कार यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे सहज जातात, कारण तारीख मिळावी लागते. आपल्याकडे संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं आणि मग दुःख करायला उरलेला सगळा वेळ असतो. इथे तो वेळ आधीच मिळतो, आणि त्याचं काय करावं ते कळत नाही. तेवढ्या आठवड्यांतही त्याच्या आईंचा व्हिसा नागपूरला पोहोचला नाही. शेवटी अंत्यसंस्काराला मी आणि चार मित्र एवढेच होतो.

रक्षा कुठे ठेवायची, हा प्रश्न मला पडला नाही. डर्बीशरच्या डोंगरांत मार्गरेट नावाच्या बाईंचं मेंढ्यांचं शेत आहे. तिथली एक खोली आम्ही दर वसंतात चार दिवस भाड्याने घ्यायचो. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मिलिंदला तिथला वारा अंगावर घेत नुसतं उभं राहायला आवडायचं. मार्गरेटची परवानगी घेऊन मी तिच्या गोठ्यामागे रोवनचं रोप लावलं आणि त्याच्या मुळाशी रक्षा घातली. रोवन म्हणजे लाल फळांचं, फार मोठं न होणारं डोंगरी झाड.

आई आल्या जानेवारीत. त्या नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आल्यापासून त्या माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत. फक्त पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिथं रोप लावताना तू एकटीच होती?"

"मार्गरेट होती."

"असं," त्या म्हणाल्या, आणि उठून भांडी घासायला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. लेस्टर, बर्मिंगहॅमहून मंडळी आली, भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं. या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने दान देतात. काय द्यावं याचा विचार करत असताना आईंनी गाडीची डिकी उघडली. त्यांना नुसती त्याची गाडी आतून-बाहेरून पाहायची होती. डिकीत तांदळाची दोन मोठी पोती होती आणि त्यांच्या बाजूला कणकेची आणखी दोन.

ही मिलिंदची जुनी सवय. दर वर्षी धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम झाला की परत येताना तो वर्षाचा तांदूळ घ्यायचा आणि वसंत येईपर्यंत तो डिकीतच ठेवायचा. लागला की किलो-दोन किलो वर आणायचा. मी म्हणायची, घर आहे की रेशनचं दुकान? तो म्हणायचा, राहू दे, हिवाळाभर तिथेच बरा आहे. आमचं स्वयंपाकघर दमट आहे, म्हणून असेल, असं मी धरून चालले. ऑक्टोबरच्या मध्याला त्याने नेहमीसारखी पोती भरली होती. तीच ही.

"लेकानं आपल्या हातानं भरलेलं धान्य आहे," आई म्हणाल्या. "याच्याहून चांगलं दान कोणतं?"

मला ते लगेच पटलं. त्यातला थोडा तांदूळ त्या दिवशी शिजला, सगळ्यांनी जेवताना त्याचं नाव काढलं, आणि उरलेली पोती मित्रांनी विहारात पोहोचवली. डिकी मी ओल्या फडक्याने पुसून काढली. ती इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

मग बर्फ पडायला लागला. आईंचं विमान शनिवारचं होतं, आणि त्यांना परत जाण्याआधी ते झाड पाहायचं होतं. गुडघ्यांची अवस्था बघता त्या पुन्हा एवढा प्रवास करतील, असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. आम्ही आधी एक रविवार पावसामुळे सोडला होता, दुसरा त्यांच्या तापामुळे. आता रविवारच उरला नव्हता.

मार्गरेटचा फोन आला. "अगदीच अडलं असेल तरच ये," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आईंनी विचारलं, "काय म्हणते ती?"

"वर बर्फ आहे म्हणते. नका येऊ म्हणते."

"ती असं म्हणाली?"

"अगदीच अडलं असेल तर या, असं."

"मग अडलं आहे ना वं," आई म्हणाल्या, आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

अ‍ॅशबोर्न

गुरुवारी सकाळी निघालो. सपाटीवर रस्ते काळे आणि ओले होते, कडेला मिठाने मळलेला बर्फ. आई पुढच्या सीटवर मांडीत डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या अंगात मिलिंदचं जाड जॅकेट होतं, बाह्या दुमडलेल्या. वाटेत त्यांनी गाडीतली एकेक वस्तू पाहिली. सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून असते ती फळी, तिच्यात खोचलेलं पार्किंगचं जुनं तिकीट, गिअरच्या खाचेतली बडीशेप.

"हे तो खायचा?"

"जेवण झालं की. मला कधी द्यायचा नाही."

"लहानपणी पण असाच चिकट होता," त्या म्हणाल्या, आणि त्यातले दोन दाणे तोंडात टाकले.

अ‍ॅशबोर्नला चहासाठी थांबलो. बाजाराच्या चौकातल्या छोट्या हॉटेलात काचा वाफेने धुरकटल्या होत्या. इथे ओटच्या पिठाची मऊ, जाळीदार, ताटाएवढी गोल पोळी मिळते, चीज घालून दुमडलेली. आईंनी ती सुरीने उचलून उजेडात धरली.

"हे तर धिरडं आहे."

"इथले लोक ओटकेक म्हणतात."

"म्हणू देत." त्यांनी पर्समधून लसणाची चटणी काढली आणि चीजवर पसरली. वाढणारी मुलगी बघत होती. आईंनी तिच्यासाठी ताटलीच्या कडेला चिमूटभर ठेवली. मुलीने बोटाने चाखली, डोळे मोठे केले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली. परत आली तेव्हा तिने बिलाबरोबर एक जादा ओटकेक कागदात गुंडाळून दिला. आई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

अ‍ॅशबोर्न सोडलं की रस्ता वर चढतो आणि जग बदलतं. झाडं संपतात. उरतात त्या रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, चुना-माती काही न लावता नुसत्या एकावर एक ठेवलेल्या, टेकड्यांवरून मैलोन्‌मैल गेलेल्या. त्या दिवशी त्यांच्या मधलं सगळं पांढरं होतं, आणि आकाशही त्याच रंगाचं. भिंती नसत्या तर जमीन कुठे संपते ते कळलं नसतं.

मी हळू चालवत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. एका साध्याच वळणावर गाडीची शेपटी डावीकडे निघाली. मिलिंदने मला एकदा सुपरमार्केटच्या रिकाम्या, गोठलेल्या कार पार्कमध्ये नेऊन शिकवलं होतं. मागचा भाग जिकडे जाईल तिकडेच स्टिअरिंग वळव, घाबरून उलटं वळवू नकोस. मी उलटंच वळवलं. काही क्षण आवाज नव्हता. मग भिंत, शेत, रस्ता, पुन्हा भिंत असं सगळं काचेसमोरून शांतपणे गेलं, आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून कडेच्या बर्फात रुतलो.

आई म्हणाल्या, "डबा सांडला नाही."

माझे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. त्यांनी त्यातला एक आपल्या हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला.

उंच चाकांची शेतावरची गाडी घेऊन एक म्हातारा शेतकरी मागून आला. त्याने दोर लावून आम्हाला बाहेर काढलं. "मागच्या चाकांची आहे ना, मी डक?" त्याने मला विचारलं. मग आईंकडे वाकून, "आणि तुम्ही बऱ्या आहात ना, मी डक?"

तो गेल्यावर आईंनी विचारलं, "तो मला बदक म्हणाला?"

"माझं बदक, असं म्हणाला. इकडे सगळ्यांनाच म्हणतात. आपण माय म्हणतो तसं."

"माय कुठं आणि बदक कुठं," त्या म्हणाल्या. पण पुढे दोन दिवस त्या मला अधूनमधून तशीच हाक मारत होत्या.

त्याच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही खालच्या गावात परतलो आणि तिथल्या पबच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. संध्याकाळी शेकोटीजवळ बसून पोळ्या खाल्ल्या. पबवाल्या बाईंनी कांद्याचं गरम सूप आणून दिलं आणि घरचा डबा खाल्ल्याबद्दल काही म्हटलं नाही. मी आईंना सांगितलं की सकाळी रस्ता असाच असला तर परत जावं लागेल. शुक्रवार हाच एक दिवस होता.

त्यांनी मान हलवली. मग शेकोटीकडे बघत म्हणाल्या, "मला त्याचं काहीच पाहायला मिळालं नाही, शुभांगी. फोनवर ऐकलं. फोटो पाहिला. मला अजून कधीकधी वाटते तो ऑफिसातच आहे."

मी त्यांच्या पायांवर शाल टाकली.

चढ

शुक्रवारी मुख्य रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक जाऊन गेला होता, तिथवर ठीक होतं. मार्गरेटच्या शेताकडे जाणारी गल्ली मात्र जशी पडली तशीच होती, आणि तिच्या सुरुवातीलाच चढ. वर पोहोचलं की शेत दिसतं. चालत जाण्याइतकं ते जवळ नव्हतं, निदान आईंच्या गुडघ्यांना तरी.

मी तीनदा प्रयत्न केला. गाडी अर्ध्यावर यायची, मागची चाकं जागच्या जागी गरगरायची, आणि आम्ही सावकाश खाली घसरायचो. तिसऱ्यांदा थांबल्यावर मी इंजिन बंद केलं. आता परत फिरायचं हे आईंना कसं सांगावं, याचा विचार करत होते.

"मी मागं बसते," आई म्हणाल्या. "पाय लांब करते जरा."

त्या मागे जाऊन बसल्या. शेवटचं म्हणून मी पुन्हा निघाले. गाडी आधीपेक्षा बरीच वर गेली. मग पुन्हा तेच.

मागून आई म्हणाल्या, "थांब. थांब जरा."

मी आरशात पाहिलं. त्या मागे वळून सीटच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या पाठीमागे डिकी होती.

"मी बसले तर गाडी चढली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पावसाळ्यात सायकलरिक्षाचं चाक चिखलात फिरलं की रिक्षावाला म्हणे, बाई, उतरू नका, बसून राहा. सवारी असली तर चाक धरते." त्या थांबल्या. "तो तांदूळ काहून ठेवायचा इथं?"

तेव्हा मला कळलं. हिवाळाभर तिथेच बरा आहे. घेतल्या दिवसापासून दर हिवाळ्यात तो मला याच गाडीतून इथे, तिथे, सगळीकडे घेऊन गेला होता, आणि मी शेजारी बसून वाचत असायची. एकदाही घसरलो नव्हतो.

"तुला सांगितलं नव्हतं त्यानं?"

"नाही."

"मला पण नाही." आईंनी सीटच्या पाठीवरचा हात उचलून पाहिला. "मीच काढला तो. ह्या हातानं."

"दोघींनी काढला, आई."

मिलिंदच्या जॅकेटची बाही डोळ्यांवर दाबून त्या रडल्या. आल्यापासून पहिल्यांदा. मी पुढच्या सीटवर, हात स्टिअरिंगवर ठेवून. बाहेर एक मेंढी भिंतीवरून आमच्याकडे बघत होती.

मग त्यांनी नाक पुसलं. "तांदूळ आता आणायचा कुठून? बर्फ जड असते का?"

"दाबून भरला तर असतो."

"मग भर. पाहून काय राहिली?"

पबवाल्या बाईंनी सकाळी कोळशाचं फावडं बळेच दिलं होतं. डिकीत प्लॅस्टिकचा कागद पसरून मी कडेचा बर्फ भरायला लागले. आई माझं ऐकेनात. त्या हातमोजे घातलेल्या हातांनी तो दाबून बसवत होत्या, पीठ मळल्यासारखा, मुठीने, कोपऱ्यांपर्यंत. "इथं पोकळ राहिलं," म्हणायच्या आणि पुन्हा दाबायच्या. डिकी जेमतेम बंद झाली. गाडी मागून चांगलीच बसली होती.

आई मागच्या सीटवर बसल्या. दुसरा गिअर. क्लच इतका हळू सोडला की पाय दुखला. मध्यावर शेपटी जराशी डावीकडे निघाली, मी डावीकडेच वळवलं, आणि ती सरळ झाली. गाडी चढत राहिली. एखादं जड जनावर चढावं तशी, घाई न करता.

गोठ्यामागे

मार्गरेट सत्तरीची, उंच, आवाज मोठा. अंगणात गाडी पाहून ती म्हणाली, "कशा काय आलात?" मी डिकी उघडून दाखवली. तिने बर्फाकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोंगरावर बर्फ घेऊन येणारी पहिलीच माणसं बघतेय." मग तिने आईंना हात दिला, आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीला धरून त्या दोघी हळूहळू निघाल्या. मार्गरेटला मराठी येत नव्हतं आणि आईंचं इंग्रजी शाळेतल्या कवितांपुरतं होतं, पण दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं.

झाड म्हणजे एक काठी होती. आधाराच्या खुंटाला बांधलेली, गुडघ्यापर्यंत बर्फात, टोकाला काळपट, मिटलेल्या कळ्या. मी मनातून घाबरले होते. एवढा प्रवास करून एवढंसं दाखवायचं.

आईंनी हातमोजा काढून त्या काठीला हात लावला. मग बुंध्याजवळचा बर्फ बाजूला करायला वाकल्या.

"तिला सांग, राहू दे," मार्गरेट मला म्हणाली. "बर्फाखाली मुळं उबेत असतात. वारा लागला तर गोठतील."

मी सांगितलं. आईंनी हात मागे घेतला. काढलेला बर्फ त्यांनी पुन्हा बुंध्याशी सारला, आणि कडेने थोपटला. लहान मुलावर पांघरूण घालतात, अगदी तसा. मग हात जोडून त्यांनी त्रिशरण म्हटलं. माझाही आवाज त्यात मिसळला. मार्गरेटने डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात धरली.

तिच्या स्वयंपाकघरात मटणाचं दाट कालवण होतं, बटाटे आणि गाजरं घातलेलं. आईंनी त्यातही चटणी घातली आणि मार्गरेटने दोनदा मागून घेतली. निघताना आईंनी फावडं मागितलं.

"डिकी भरलेलीच आहे, आई."

"वितळलं असेल थोडं."

डिकीच्या खालून थोडं पाणी ठिबकलं होतं, इतकंच. पण त्या गोठ्यामागे गेल्या, झाडापासून जरा लांबचा बर्फ फावड्यात घेऊन आल्या, आणि मधोमध जिथे तांदळाची पोती असायची तिथे दाबून बसवला. येताना त्या मागच्याच सीटवर बसल्या. उतारावर मी आरशात पाहिलं, तर त्यांचा एक हात सीटच्या पाठीवर, डिकीकडे होता. अ‍ॅशबोर्न येईपर्यंत तो तिथेच होता.

शनिवारी सकाळी बॅगा ठेवायला डिकी उघडली तेव्हा मधला गोळा अजून शिल्लक होता. तो काढून आमच्या घराच्या पुढच्या वाफ्यात ठेवला, त्यावर कुणाचा पाय पडणार नाही असा.

विमानतळावर आईंनी मला जवळ घेतलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. जॅकेट परत द्यायला त्या विसरल्या, आणि मीही आठवण केली नाही. आत जाण्याआधी वळून म्हणाल्या, "जाताना तांदूळ घेऊन जा."

मी घेतला. घरी न नेता, दुकानातूनच थेट डिकीत.

आता मे आहे. मार्गरेटने कळवलं आहे की रोवनला पानं आली. इथे बर्फाचं नावही नाही, आणि नागपूरला तर विचारायलाच नको. तरी दर रविवारी आईंचा फोन येतो. उन्हाचं सांगून झालं, कुलरचं सांगून झालं की त्या विचारतात,

"डिकीत तांदूळ आहे ना?"

"आहे, आई."

"असू दे," त्या म्हणतात.